उलटलेला बाण

मोहिमेचा हेतू आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. आम्हांला कोणतेही शिखर जिंकायचे नव्हते. माझ्या थोरल्या मुलाला खिडकीजवळच्या खुर्चीतून उठवायचे, पठारावरच्या तळ्यापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे, एवढेच करायचे होते; आणि एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात याहून अवघड चढाई मी हाती घेतलेली नव्हती.

आमचे घर वाटाड्यांचे. लोकांना डोंगर चढवून सुखरूप खाली आणणे हा आमचा धंदा. कोरड्या दिवसांत ओसरीवर बुटांच्या जोड्या मांडायला जागा पुरत नाही. पण पाऊस लागला की दारावर ‘बंद’ची पाटी चढते आणि पुढचे चार महिने दोरांना बुरशी येते, बुटांना वास येतो आणि माणसांची पोटे सुटतात. माझ्या घरात मी हे कधी चालू दिले नाही. बंदच्या महिन्यांतही रोज सकाळी दोन तास चालायचे, माळ्याच्या तुळईला दोर बांधून चढ-उतार करायची आणि पावसाळ्यात एकदा तरी तळ्याची वाट पायांखाली घालायची, हा माझा दंडक आहे. कोरडा डोंगर नव्या जावयासारखा गोड वागतो. त्याचे खरे गुण पावसात कळतात. पाणी कुठून फुटते, कोणती पायरी निसटते, कोणत्या दगडाचा भरवसा धरू नये, हे ज्याने भिजून पाहिलेले नाही त्याने दुसऱ्याला वाट दाखवू नये.

तळ्याच्या काठी एका कपारीत पत्र्याचा डबा आहे आणि डब्यात मेणकापडात गुंडाळलेली वही. पावसाळ्यात तिथवर जाणाऱ्याने तीत एक ओळ लिहायची. एका पावसाळ्याला एकच, आम्हांला फाफटपसारा आवडत नाही. एकतीस वर्षांत एकही पावसाळा कोरा गेला नव्हता. मागचा गेला.

कारण त्याच्या आधीच्या हंगामात, एका अवकाळी सरीनंतर, ओल्या पायरीवर थोरल्याचा पाय सुटला. पाहुण्याला त्याने वरच्या वर ढकलले, स्वतः मात्र खाली गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. पुढे हाड जुळले, लंगडणेही गेले. पण ओला दगड दिसला की हा सहा फुटी माणूस उंबऱ्याच्या आतच थबकू लागला. “पाऊस संपू दे, मग बघू,” हे त्याचे पालुपद. आमच्या धंद्यात ‘मग बघू’ म्हणणारा वाटाड्या हळूहळू टेबलामागे जाऊन बसतो आणि पाहुण्यांची नावे लिहू लागतो. हाही पावसाळा खुर्चीत गेला असता तर तो त्या खुर्चीतून वाटाड्या म्हणून पुन्हा उठला नसता. हे मला कळत होते. त्यालाही कळत होते, आणि म्हणूनच तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून मी म्हणाले, “उद्या सहाला निघायचं.”

“कुठे?” थोरल्याने वर्तमानपत्र खाली केले नाही.

“तळ्यावर.”

“आई, बाहेर बघ जरा. आभाळ फाटलंय.”

“म्हणून तर शिवणारा माणूस बरोबर घेतलाय,” मी दाराकडे बोट दाखवले.

दारात शिंपी उभा होता. आमचे तंबू, पिशव्या, रेनकोट गेली तीस वर्षे हाच शिवतो. माझ्या दिवंगत यजमानांचा मित्र. वजनाने भारदस्त आणि तोंडाने त्याहून भारी. सगळे त्याला मास्तर म्हणतात. “वहिनी,” तो छत्री झटकत म्हणाला, “मी तंबूला ठिगळ लावतो. आभाळाचं माप माझ्याकडे नाही.”

“पाय दुखतो माझा,” थोरला पुटपुटला.

तेव्हा माझी धाकटी सून पुढे आली. ती दवाखान्यात परिचारिका आहे आणि रजेवर होती. “भावोजी, तुमच्या पायाचे फोटो मी स्वतः पाहिलेत. माझ्या पायापेक्षा तुमचा पाय धड आहे. हवं तर अदलाबदल करू.”

“तू येऊ नकोस,” मी थोरल्याला म्हणाले. “आम्ही तिघं जाऊ. पुढे मी.”

वर्तमानपत्र खाली आले. त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिले, मग मास्तरांच्या पोटाकडे. “हे त्रिकूट? तळ्यावर?” आणि सुस्कारा टाकून तो माळ्यावर गेला. बूट धपकन खाली पडल्याचा आवाज ऐकला आणि मी उरलेला चहा प्यायले. थंड झाला होता, तरी गोड लागला.

आमची एक पितळी शिट्टी आहे. एक फुंक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे मागे फिरा. तीन फुंका झाल्या की प्रश्न नाही, उत्तर नाही. चूक की बरोबर याची चर्चा घरी, कोरडे कपडे घालून. हा नियम मी केला आणि माझ्या यजमानांनाही पाळायला लावला. अपघातापूर्वी ती शिट्टी थोरल्याच्या गळ्यात असे. पायाला प्लास्टर चढले त्याच दिवशी त्याने ती काढून माझ्या हातात ठेवली, आणि तेव्हापासून ती माझ्या गळ्यात होती.

सहाच्या ठोक्याला दोन फुंका मारल्या आणि आम्ही निघालो.

पावसातल्या अरण्याला ज्याने फक्त खिडकीतून पाहिले त्याची मला कीव येते. वरून पडणारा पाऊस एक असतो आणि पानांवरून पडणारा दुसरा. पहिला थांबला तरी दुसरा तासभर पडत राहतो. झाडांच्या बुंध्यांवर हाताएवढ्या अळिंब्यांचे सज्जे लागले होते, वेलींतून पाण्याच्या तारा सुटल्या होत्या, आणि सगळीकडे भिजल्या सालीचा असा कडवट, ताजा वास होता की छाती आपोआप मोठी व्हावी. सून पुढे-मागे धावत एकेका बेडकाला ‘नमस्कार’ करीत होती. मास्तर दर दहा पावलांनी खाली वाकून पायावरची जळू उपटत होते.

“एवढं रक्त तर तुझ्या दवाखान्यातही कोणी काढलं नाही,” ते सुनेला म्हणाले.

“आमच्याकडे काढलं की बिस्कीट देतात, मास्तर.”

“मग या जळवांकडून दोन पुडे येणं आहे माझं.”

थोरला हसला नाही. तो दगड टाळून चिखलातून चालत होता. दगड दिसला की वळसा, दगड दिसला की वळसा. मी ते पाहून ठेवले.

आठ वाजता ओढा लागला. ओढ्याच्या मध्ये एक उंच खडक आहे, त्याच्या अंगावर पांढरा पट्टा. पाणी पट्ट्याच्या खाली असेल तर उतरायचे, वर असेल तर काठावर बसायचे, हा हिशेब इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. पाणी पट्ट्याखाली वीतभर होते. मी गेले. सून गेली. मास्तर देवाचे नाव घेत, मध्येच पाण्याला शिव्या देत गेले. थोरला काठावरच राहिला.

पहिला दगड त्याच्या पुढ्यात होता. काळा, तुकतुकीत, ओला. त्याने पाय उचलला. ठेवला नाही. पुन्हा उचलला. पुन्हा मागे घेतला!

“सासूबाई, हात देऊ का त्यांना?” सुनेने हळूच विचारले.

“नाही.”

“पण...”

“हात दिला तर ओढा ओलांडेल. उद्याचं काय?”

दहा मिनिटे गेली असतील. मग थोरल्याने दगडांना बाजूला टाकून सरळ पाण्यात पाय घातला आणि मांडीएवढ्या प्रवाहातून, दात आवळून, तो अलीकडे आला. दगडावर त्याने पाऊल ठेवले नव्हतेच. पण आला होता. काठावर येताच त्याने मागे वळून पट्ट्याकडे पाहिले. “वीतभर,” तो स्वतःशीच म्हणाला. ती जुनी सवय मी ओळखली आणि मनातल्या मनात एक आणा जमा धरला.

त्यानंतर डोंगराने आमची परीक्षा सुरू केली. चढणीची माती साबणासारखी झाली होती. दोन पावले वर, एक खाली. एके ठिकाणी झाड कोसळून वाट बुजली होती, तिथे मास्तर पोटावरून सरपटले आणि त्यांच्या रेनकोटाची शिवण टर्रकन उसवली. “माझ्याच हातची शिवण!” ते कळवळले. “कुठे सांगू नका, वहिनी.” पठाराच्या कडेला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि धुके असे उतरले की माझ्या हातातली काठीसुद्धा अर्धीच दिसू लागली. आम्ही चौघांनी एकाच दोराने कमरा बांधल्या. पुढे मी, मग थोरला, मग सून, शेवटी मास्तर.

इथे वाट फुटते. डावीकडे तळे, उजवीकडे एक खोल घळ. कोरड्या दिवसांत दोन्ही समोर दिसतात, म्हणून बाणाची गरज कोणाला भासत नाही. धुक्यासाठी मी बत्तीस वर्षांपूर्वी कपाटाएवढ्या एका धोंड्याच्या दर्शनी अंगावर पिवळ्या रंगाने बाण काढला होता. शेपटीला तीन रेघा. तो माझा शिक्का. रंगाबाबत माझा नियम कडक आहे: हलणाऱ्या दगडावर बाण काढायचा नाही. या नियमापायी मी दोन्ही मुलांचे कान उपटलेले आहेत.

“सापडला!” सून ओरडली. “उजवीकडे दाखवतोय.”

“मग उजवीकडे,” मी म्हणाले.

मागून दोर ताणला गेला. थोरला थांबला होता. “आई, तळं डावीकडे आहे.”

“धुक्यात आपण कुठल्या अंगाने वर आलो तेच दिसत नाही, डावं-उजवं चुकतं माणसाचं. बाण चुकत नाही. तीन रेघा बघ. माझा हात आहे तो.”

“हात तुझाच आहे. दगडाचं सांगता येत नाही.” तो खाली बसला आणि धोंड्याच्या पोटाखाली त्याने बोटे घातली. “शेवाळ खालच्या बाजूला आहे, आई. आणि डोक्यावर ही ताजी माती. शेवाळ कधी पोटाला धरतं का? हा दगड उलथून डोक्यावर आलाय. डावा बाण उजवा झालाय.”

“हा धोंडा? दहा माणसांनी हलणार नाही हा!”

“पाणी माणसं मोजत नाही, आई.”

त्याचे म्हणणे रास्त होते. हे आज लिहिताना कबूल करते. त्या क्षणी मात्र मला एवढेच ऐकू आले की बत्तीस वर्षांच्या माझ्या बाणाला कोणी खोटे म्हणत आहे. आणि मी जे बोलायला नको होते ते बोलले. “ज्याला दगडावर पाय ठेवता येत नाही त्याने दगडांची परीक्षा करू नये. पुढे हो आणि मग सांग. नाहीतर मागून चल.”

धुक्यात त्याचा चेहरा मला दिसला नाही. बरे झाले.

मी उजवीकडे वळले. दहा पावले. गवत आडवे झालेले होते. बारा. जमीन मऊ लागली. तेरा. काठी टेकली ती टेकलीच नाही!

पायाखालची माती एकदम बसली. मी छातीपर्यंत खाली गेले, मग गळ्यापर्यंत, आणि गवताची मुठीत धरलेली जुडी मुळांसकट हातात आली. पायांना काहीच लागत नव्हते. खालून, फार खालून, पाण्याचा घुमणारा आवाज येत होता. मी घळीच्या ओठावर लोंबत होते!

दोर कमरेत करकचला. “मास्तर, बसा!” थोरल्याची आरोळी आली. “खाली बसा! दोर कमरेखाली घ्या! आणि तू मास्तरांना धर गं!”

“बसलो!” मास्तर ओरडले. “आता मला उठवायला क्रेन लागेल!”

दोर थांबला. मी वर पाहिले. माझ्या डोक्यावर एक उतरता कातळ होता. काळा, तुकतुकीत, वरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहणारा. त्या कातळावर दोन बूट आले. टाचा रोवल्या गेल्या. गुडघे वाकले. आणि माझा थोरला, उंबऱ्याच्या आत थबकणारा माझा थोरला, त्या ओल्या कातळावर पाय रोवून हातभर-हातभर दोर वर घेत होता!

“आई, डावा पाय वर. कपार आहे. शोध.”

“सापडत नाही.”

“सापडेल. घाई नको. गुडघ्याच्या उंचीला.”

सापडली. मी पाय ठेवला. त्याने ओढले. मी वर आले ती चिखलाचा गोळा होऊन. सुनेने माझे हातपाय चाचपले, पापण्या वर करून डोळे पाहिले आणि म्हणाली, “सगळं जागेवर आहे. रागसुद्धा.”

राग होता खरा; स्वतःचा. आणि अशा वेळी माणूस दुप्पट हट्टी होतो. मी उठले, तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाले, “चला. डावीकडे. अर्ध्या तासात तळं. वहीत ओळ लिहायचीच आहे. एवढं येऊन परत जायचं नाही.”

थोरल्याने आभाळाकडे पाहिले. मग कान देऊन त्या घळीचा आवाज ऐकला. मग माझ्यापुढे हात पसरला.

“आई, शिट्टी दे.”

मी ती गळ्यातून काढली. खरे सांगते, मला वाटले तो दोन फुंका मारील. त्याने शिट्टीतला चिखल झटकला, ओठांना लावली आणि फुंकला.

एक. दोन. तीन!

धुक्यात तो आवाज किती वेळ फिरत राहिला. मास्तर बसल्या जागेवरून उठायला धडपडू लागले. सून माझ्याकडे पाहू लागली. माझ्या जिभेवर दहा वाक्ये तयार होती आणि दहाही जोरदार होती. तळे अर्ध्या तासावर होते. दुसरा पावसाळा कोरा जाणार होता. पण नियम माझाच होता.

मी मागे फिरले.

उतरताना तो पुढे होता. प्रत्येक वळणावर थांबून तो मागच्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगे, आणि सांगताना स्वतःचा पाय तिथे ठेवून दाखवी. दगडावर. ओल्या दगडावर. कोणी त्याकडे लक्ष वेधले नाही; मास्तरांनीसुद्धा नाही, आणि त्यांच्यासाठी ते केवढे मोठे व्रत होते हे मी जाणते.

एक वाजता ओढ्यावर आलो. पांढरा पट्टा पाण्याखाली गेला होता!

“तळ्यावर गेलो असतो तर?” सुनेने विचारले.

“तर तास-दीड तास आणखी वर उघड्यावर भिजलो असतो. अंगातली ऊब गेली असती, आणि गारठलेल्या पायांनी हा ओढा ओलांडता आला नसता,” थोरला म्हणाला. “डोंगरातलं पाणी चढतं तसं उतरतं. वरचा पाऊस कमी झालाय. दोन तास थांबू. तिथे, त्या कपारीत.”

कपार कोरडी होती, पण आम्ही ओले होतो. दहा मिनिटांत मास्तरांचे दात वाजू लागले. मग मात्र मी सूत्रे हाती घेतली. वाट दाखवणे एक, शिस्त दुसरी! “उभे राहा सगळे. पन्नास बैठका. मग हात फिरवा. थांबला तो गारठला.”

“वहिनी, मला आधीच बसायला सांगितलं होतं आज एकदा,” मास्तर गयावया करू लागले.

“तेव्हा दोरासाठी. आता स्वतःसाठी. एक!”

आणि पावसाच्या पडद्यामागे, त्या कपारीत, एक वाटाड्या, एक परिचारिका, एक शिंपी आणि एक म्हातारी, चौघांनी बैठका काढल्या. विसाव्याला मास्तरांच्या कोटाची उरलेली शिवणही उसवली आणि थोरला हसला. असा हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दीड वर्षात तो आवाज मी ऐकला नव्हता. उकडलेले बटाटे आणि थर्मासमधला कोमट चहा आम्ही त्या हसण्यावरच संपवला.

तीन वाजता पट्ट्याची वरची कड दिसू लागली. साडेतीनला पूर्ण पट्टा, त्याखाली चार बोटे पाणी. थोरल्याने दोर पलीकडच्या झाडाला नेऊन बांधला. जाताना त्याने पाण्यात पाय घातला नाही. दगडावरून गेला, एक, दोन, तीन, पाच, सात! आणि पलीकडून दोन फुंका मारल्या.

साडेसहाला आम्ही घरी होतो. सगळ्यांनी कोरडे कपडे घातले. नियमाप्रमाणे आता चर्चेची वेळ होती. थोरला वाट पाहत होता; मास्तरांनी तर ऐकण्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“बाण चुकीचा होता,” मी म्हणाले. “आणि मी बोलले तेही.”

“बाण बरोबरच होता, आई,” थोरला म्हणाला. “दगड फिरला.”

एवढीच चर्चा झाली. शिट्टी त्याने मला परत केली नाही आणि मी मागितली नाही.

चार दिवसांनी सकाळी उठले तर पाऊस कोसळत होता आणि खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. ओसरीवरून थोरल्याचे बूट गेलेले, खुंटीवरून दोर गेलेला, आणि मागच्या खोलीतून पिवळ्या रंगाचा डबा. सून काळजीत पडली. “सासूबाई, एकटेच गेलेत. आणि हा असा पाऊस...”

“पाणी पट्ट्याखाली नसेल तर तो काठावर बसेल,” मी म्हणाले. “तुला माहीत आहे, मलाही. चल, दोन तास चालायचं आहे आपल्याला. छत्री नको, रेनकोट घाल.”

तो संध्याकाळी आला, नखशिखांत भिजलेला, नखांत पिवळा रंग. तळ्याविषयी एक अक्षर बोलला नाही. मीही विचारले नाही. आमच्या घरात वहीतली ओळ वहीतच वाचायची असते.

ती मी तीन आठवड्यांनी वाचली, पावसाळा सरायच्या आत. त्या दिवशी थोरला पुढे होता, सून मध्ये, मास्तर नव्या दुहेरी शिवणीचा कोट घालून, आणि मी सर्वांत मागे. वाट फुटते तिथे माझा धोंडा तसाच पडलेला होता, त्याच्यावरचा बाण मात्र रंगाने नीट बुजवलेला. शेजारच्या अखंड कातळावर, डोंगराच्याच हाडावर, नवा बाण होता. डावीकडे दाखवणारा. शेपटीला तीन रेघा.

तळ्यावर धुके विरले होते. पाणी काठोकाठ भरले होते आणि त्यावर पावसाचे थेंब नाचत होते. मी कपारीतून डबा काढला, मेणकापड सोडले. गेल्या वर्षीची जागा कोरी होती. ती तशीच राहील. तिच्याखाली थोरल्याच्या अक्षरात लिहिले होते:

‘आईचा बाण कातळावर आणला. पाऊस चांगला आहे.’

मी पेन्सिल मागितली. एका पावसाळ्याला एकच ओळ, हा नियम माझाच. पण डोंगर चढून आलेल्याला लिहिण्याचा हक्क आहे, असे मी त्याच क्षणी ठरवले. त्याच्या ओळीखाली मी लिहिले:

‘आज मागून चालले. वाट बरोबर होती.’